तो भात, ते भात

चित्रातलं भांडं आईपेक्षा मोठं होतं. खाली तीन दगड, त्यांच्यातून वर आलेल्या लाल-पिवळ्या ज्वाळा, आणि काळा धूर थेट कागदाच्या कडेपर्यंत गेलेला. बाजूला दोन कोंबड्या. आई हातात लांब दांडा घेऊन उभी. चित्राखाली मी फळ्यावर दिलेलं वाक्य त्या मुलाने उतरवलं होतं, 'आई भात शिजवते.' 'ज' जरा कलला होता, बाकी सगळं जागच्या जागी. मी वर्गात फिरता फिरता त्याच्यापाशी वाकले आणि म्हटलं, "छान काढलंस हं. पण भांडं केवढं मोठं! जरा लहान काढ. आणि चूल घरात असते ना?" तो काही बोलला नाही. रबर घेतलं आणि भांडं खोडायला लागला. मी पुढच्या मुलीकडे वळले.

घडलं ते एवढंच. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्या दिवशी माझ्या वर्गात चार सहकारी बसलेले नसते, तर असं काही घडलं हे मला जन्मात कळलं नसतं.

मी गोव्याच्या काणकोण तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मुलं लहान आहेत. पटावर मुलं मोजकी, त्यामुळे पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी-चौथी एकत्र बसते. जवळजवळ सगळी मुलं वेळीप आणि गावडा या आदिवासी समाजांतली. राहते मी मडगावला. सकाळच्या कदंब बसने निघायचं, बाळ्ळी मागे पडली की करमल घाट लागतो, आणि घाट उतरेपर्यंत दिवसाचे पाठ मनात एकदा फिरवून व्हायचे, असा माझा नेम. बाळ्ळीवरून जाताना २०११ सालचा २५ मे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर आलेल्या आदिवासी समाजातले दोन तरुण त्या दिवशी आगीत गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली ती २००३ मध्ये. माझ्या वर्गातल्या मुलांचे आजोबा म्हातारे झाले तेव्हा.

या मुलांचं मराठीशी नातं काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या, बहुतेक मराठी. डोंगराच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांवर पहिलं अक्षर पोचलं ते मराठी अक्षर होतं. आमच्या मुलांचे आईवडील याच शाळेत, काही तर याच बाकांवर शिकले. देवळातलं भजन मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, आरती मराठी. म्हणजे मराठी त्यांच्या कानांना ओळखीची आहे. पण चुलीपाशी, कुळागरात म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, गुरांमागे बोलतात ती कोकणी, आणि तीसुद्धा त्यांच्या वाड्यावरची, आकाशवाणीवरच्या कोकणीहून बरीच वेगळी. सहा वर्षांचं मूल शाळेत येतं ते ही बोली घेऊन. आणि आपण पहिल्या दिवशी त्याच्यापुढे 'आई', 'घर', 'भात' ठेवतो. सोपे शब्द म्हणून.

आमचा पाच जणांचा गट आहे. जवळपासच्या चार शाळांमधले आम्ही पाच शिक्षक. महिन्यातून एका शनिवारी एकाच्या वर्गात जमायचं, त्याचा पाठ बघायचा, आणि मुलं घरी गेली की त्यावर बोलायचं. कुणी आदेश काढलेला नाही. सुरुवात झाली ती एका चहाच्या गाड्यावर. एक तरुण सर वैतागून म्हणाले, "गेल्या सात वर्षांत माझा पाठ कुणी बघितलाच नाही. तपासणी झाली, पण पाठ कुणी बघितला नाही." ते ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो, कारण प्रत्येकाचं तेच होतं. माझ्या स्वतःच्या पाठावर आजवर मिळालेला सर्वांत मोठा शेरा असा होता: 'फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला. पाठ उत्तम.' तो शेरा मी वर्षभर जपून ठेवला होता. पण पुढचा पाठ कसा करावा यासाठी त्यातला एक शब्दही उपयोगी पडला नाही.

जपानमधल्या शिक्षकांबद्दल मी वाचलं होतं. तिथे शंभराहून अधिक वर्षं शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात, मग सगळे मिळून तो पाठ पुन्हा घडवतात. 'जुग्यो केंक्यू' म्हणतात त्याला. आम्ही त्यातली एकच गोष्ट उचलली: बघायचं ते मुलांकडे. प्रत्येकाने दोन मुलं वाटून घ्यायची, त्यांच्याजवळ खाली बसायचं आणि ती काय करतात, काय बोलतात, कुठे थांबतात तेवढंच वेळेसह टिपायचं. 'छान', 'कमी पडलं' असं काही लिहायचं नाही. बोलताना पहिली पाळी शिकवणाऱ्याची.

ऐकायला हे सरळ वाटतं, पण करायला भारी अवघड आहे. चार मोठी माणसं वह्या उघडून वर्गात बसली की छातीत धडधडतं. वीस वर्षं शिकवूनही धडधडतं. आणि आपला पाठ म्हणजे आपण स्वतः, अशी एक घट्ट समजूत आपल्याला असते. पाठाला कुणी हात लावला की आपल्यालाच लावल्यासारखं होतं.

त्या शनिवारी मात्र मी निश्चिंत होते. पाठ मी स्वतः लिहिला होता. पुस्तकातला शहरी घराचा पाठ या मुलांच्या कामाचा नाही, हे मला पटलेलं होतं, म्हणून मी त्यांच्या घरातला पाठ तयार केला. 'बाबा शेतात जातात. आजी गोष्ट सांगते. आई भात शिजवते.' वाक्यांच्या पट्ट्या, वाचन, मग प्रत्येकाने एक वाक्य निवडून त्याचं चित्र काढायचं आणि खाली वाक्य लिहायचं. मुलं रमली होती. मला वाटलं, आज यांच्या घरचंच घेतलं आहे, आज चूक काढायला जागा नाही.

मुलं गेली. आम्ही खाली सतरंजीवरच बसलो. मी माझं सांगितलं: वाचन चांगलं झालं, लेखनाला वेळ कमी पडला, एक मुलगी काहीच बोलली नाही. मग पाळी आली काणकोणच्याच एका टीचरांची. त्या वेळीप समाजातल्या, याच तालुक्यात वाढलेल्या, आमच्यापेक्षा कमी बोलणाऱ्या. त्यांनी वही उघडली आणि वाचलं, "दहा वाजून बारा मिनिटं. मुलगा भांडं काढतो. शेजारच्याला सांगतो, 'हें भाण. आवय भात उकडटा.' दहा चौदा. टीचर येतात. भांडं लहान काढ म्हणतात. दहा पंधरा. मुलगा भाण खोडतो. दहा वीस. खोडलेल्या जागी छोटं पातेलं काढतो. कोंबड्या खोडतो. धूर खोडतो. पुढे काही काढत नाही."

त्यांनी वही मिटली. बोलल्या काहीच नाहीत. आमचा नियमच तसा होता.

मला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा अंगावर काटा आला. कोकणीत भात म्हणजे साळ, टरफलासकट असलेलं धान्य. ताटात वाढतात ते शीत. तो मुलगा माझं वाक्य अक्षरशः बरोबर वाचत होता. आई भात शिजवते. हो, शिजवतेच. आपल्याकडचे उकडे तांदूळ होतात कसे? साळ पाण्यात भिजत घालायची, मोठ्या तांब्याच्या भाणात घालून अंगणात तीन दगडांच्या चुलीवर उकडायची, टरफल उकललं की काढायची, उन्हात वाळवायची, मग कांडायला न्यायची. त्या दिवसांत अंगणभर धूर असतो आणि वाळत घातलेल्या दाण्यांवर कोंबड्या तुटून पडतात, म्हणून कुणीतरी राखण बसतं. चित्रात सगळं होतं. धूर होता, कोंबड्या होत्या, हातात दांडा घेतलेली आई होती. चुलीवरच्या भाताचं इतकं खरं चित्र मी स्वतः काढू शकले नसते. आणि मी त्याला ते पुसायला लावलं.

सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. मला शीत आणि भात यातला फरक माहीत होता. मी गोव्यातल्याच वाळपईची. आमच्या घरात बोलणं मराठी, वडील मराठीचे मास्तर, पण आजी शेवटपर्यंत 'शीत वाढूं?' असंच विचारायची. तिच्या हातचं शीत खाऊन मी मोठी झाले. शाळेच्या पायरीवर तो शब्द मी कधी काढून ठेवला, कुणी काढायला लावला, आठवत नाही. वर्गात उभी राहिले की माझ्या डोक्यात भात म्हणजे पांढरा, वाफाळलेला, ताटातला भात आणि बाकी सगळं बंद.

त्या टीचर मग हळूच म्हणाल्या, "मलाही शाळेत हेच झालं होतं. मी 'शीत जेवलें' लिहिलं तर पूर्ण वाक्याखाली लाल रेघ आली होती." इतकी वर्षं त्या आमच्याबरोबर बसतात, हे आधी कधी बोलल्या नव्हत्या.

गटातले सर्वांत जुने सर मात्र गप्प बसले नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मराठीवर अतोनात प्रेम, हस्ताक्षर मोत्यासारखं. त्यांचं म्हणणं असं: "टीचर, मुलाच्या मनाची जपणूक करा, कोण नाही म्हणतो? पण मराठीच्या वर्गात फळ्यावर तुम्ही 'शीत' लिहिणार असाल तर उद्या पाण्याला 'उदक' लिहाल, परवा पैशांना 'दुडू' लिहाल. मग मराठी कधी शिकवणार? यांना घरी मराठी मिळत नाही म्हणून तर शाळेत शुद्ध मिळायला हवी. नाहीतर पाचवीत गेल्यावर यांनाच हसतील." हे मी उडवून लावू शकत नाही. ज्या गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत आणि त्यानंतरही कोकणी की मराठी यावरून घरं दुभंगली, तिथे मराठी शाळेच्या फळ्यावर कोकणी शब्द लिहिणं ही लहान गोष्ट नव्हे, आणि सरांनी ते दिवस काढले आहेत. पाचवीत हसतात हेही खरं आहे. मी पाहिलं आहे.

तरी माझं मत सरांपेक्षा वेगळं पडलं, आणि आजही वेगळंच आहे. 'उदक' तर आपल्या संतांच्या ओवीत सापडतं. पण मुद्दा शब्द जुना की नवा हा नाहीच. मुलाला जे दिसतंय ते मला दिसत नसेल तर मी शुद्ध मराठी कुणाला शिकवणार? त्याने पातेलं काढलं तेव्हा त्याला 'भात'चा मराठी अर्थ कळला नव्हता. त्याला एवढंच कळलं होतं की आपण काढलेलं टीचरना नको आहे. उत्तर पुसलं की टीचर पुढे जातात, एवढं तो त्या दिवशी शिकला.

डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर हमखास प्रश्न यायचा. १९४५ मध्ये बोर्डीला सुरुवात, मग १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम, अंगणवाडी, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणात नेली ती कुरणशाळा. उत्तर मी घोटून पाठ केलं होतं, गुणही मिळाले. पण कुरणात शाळा नेणं म्हणजे मुलांच्या पायाखालच्या जमिनीवर जाऊन उभं राहणं, हे मला त्या शनिवारी सतरंजीवर बसल्यावर समजलं. मी 'त्यांच्या घरातला' पाठ लिहिला खरा, पण त्या घरात मी गेलेच नव्हते. माझ्या डोक्यातल्या घराला मी त्यांच्या घराचं नाव दिलं होतं.

बाकीच्यांच्या वह्यांतही बरंच होतं. एका सरांनी मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर मी उत्तरासाठी किती वेळ थांबते. बहुतेक वेळा एक सेकंद, क्वचित दोन. मग मीच उत्तर द्यायचे किंवा दुसऱ्याला विचारायचे. माझा विश्वासच बसेना. मला तर मी युगं थांबते असं वाटत होतं. नंतर कळलं की हे सगळीकडचं आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास शिक्षकांच्या वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली होती, आणि शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना आढळलं होतं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात आणि न बोलणारी मुलं बोलू लागतात, असं त्यांनी दाखवून दिलं. आता विचार करा, ज्या मुलाला प्रश्न मराठीत ऐकून, आपल्या बोलीत उलटवून, उत्तर शोधून, ते परत मराठीत आणायचं आहे, त्याला एक सेकंद म्हणजे काय?

आणखी एकीने वह्यांतली एक ओळ दाखवली. 'माझी बहीण शाळेत आलं.' मी तिथे लाल पेनाने 'आली' केलं होतं. आमच्याकडे कोकणीत लहान मुलीला, धाकट्या बहिणीला नपुंसकलिंग लावतात. तें आयलें, तें गेलें. त्यात माया असते. ज्या मुलीने ते वाक्य लिहिलं तिने लिंगाची चूक केली नव्हती, तिने धाकट्या बहिणीला धाकटं ठेवलं होतं. मराठीत 'आली' म्हणायचं हे तिला शिकवायचं आहेच. पण लाल पेन बाजूला ठेवून, "तू बहिणीला 'तें' म्हणतेस ना घरी? मराठीत तिला 'ती' म्हणतात, मोठ्या बायकांसारखं" असं सांगितलं तर तिला गंमत वाटते. हे मी नंतर करून पाहिलं. ती आपल्या बहिणीकडे बघून म्हणाली, "मागीर तें व्हड जालें!" म्हणजे मग ती मोठी झाली. आणि तेव्हापासून ती 'आली' विसरलेली नाही.

पुढच्या महिन्यात बघायला बसण्याची पाळी माझी होती. त्या तरुण सरांचा वर्ग, परिसर अभ्यासाचा पाठ, विषय प्राण्यांची घरं. चिमणीचं घरटं, उंदराचं बीळ, आणि वारूळ. माझ्या वाट्याला तिसरीतल्या दोन मुली आल्या होत्या. सरांनी वारुळाचं चित्र दाखवून विचारलं, "यात कोण राहतं?" माझ्या शेजारची मुलगी अगदी हळू म्हणाली, "सांतेर." सरांपर्यंत ते पोचलं नाही. पुढून कुणीतरी "वाळवी" म्हणालं, कुणीतरी "साप" म्हणालं, सर खूश झाले आणि पाठ पुढे गेला. मी वहीत लिहिलं, दहा बत्तीस, 'सांतेर'.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि ही रोयण म्हणजे सांतेर, सातेरी, आमची भूमीची देवी. कितीतरी देवळांत मूर्तीच्या जागी आजही रोयणच पूजतात. त्या मुलीने प्रश्नाचं सर्वांत जुनं उत्तर दिलं होतं. सरांना हे मुलं गेल्यावर वाचून दाखवलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "माझ्या आजोळी पण रोयणच आहे देवळात." मग ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. ती सतरंजीवरची शांतता मला आता ओळखीची झाली आहे. त्या शांततेत कुणी सल्ला दिला की सगळं बिघडतं. थोडं थांबलं की माणूस स्वतःच पुढचा पाठ सांगू लागतो. सर म्हणाले, "वाळवी बांधते आणि सांतेर राहते, असं म्हटलं तर?" विज्ञान आणि देव एका वाक्यात बसवायचे का, यावर आमचा मग तासभर वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

मी हे सगळं लिहीत आहे ते खरं तर काणकोणच्या त्या टीचरांसाठी. पाच जणांच्या आमच्या गटात मुलांच्या समाजातल्या त्या एकट्या. आम्ही चौघंही त्या मुलाच्या जवळपास बसलो होतो. 'हें भाण' हे शब्द त्यांच्या कानांना लागले, कारण ते त्यांच्या घरातले होते. आमच्यापैकी दुसरं कुणी त्या जागी असतं तर वहीत लिहिलं असतं, 'मुलगा शेजाऱ्याशी गप्पा मारतो.' सहकाऱ्याने पाठ बघावा हे चांगलंच आहे, पण आदिवासी मुलांच्या वर्गात तो सहकारी कोण आहे यावर सगळं येऊन ठेपतं. शिक्षणाच्या बैठकांत या मुलांबद्दल आम्ही खूप बोलतो. त्यांच्यातल्या शिक्षकाला शेवटची पाच मिनिटं देतो आणि तोपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते. आमच्याही गटात आधी तसंच होत होतं. आता त्यांचं वाचन सगळ्यांत आधी होतं.

पाठ मी पुन्हा लिहिला. लिहिण्याआधी त्या मुलाच्या घरी गेले. वाडा शाळेपासून वीस मिनिटांवर, शेवटची चढण पायी. त्याची आई कुळागरातून आली, हातपाय धुऊन पेल्यात पाणी घेऊन आली. मी भाण बघायला मागितलं तेव्हा तिला नवल वाटलं. भाण मागच्या पडवीत पालथं घातलेलं होतं, बूड काजळीने काळंभोर, काठाकडचं तांबं मात्र चिंचेने घासून लखलखीत. तळाकडे एके ठिकाणी कल्हई करणाऱ्याने जोड दिलेला. मुलगा त्याच्या कडेला हात लावून उभा राहिला. त्याच्या खांद्यापर्यंत येत होतं ते. चित्रात त्याने ते मोठं काढलं होतं असं मला वाटलं होतं, प्रत्यक्षात त्याने ते आपल्या मापाने काढलं होतं.

आईने मला ओंजळभर साळ कागदात बांधून दिली. कशाला हवी म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती चौथीपर्यंत आमच्याच शाळेत शिकलेली. जरा थांबून म्हणाली, "शीत म्हणटात म्हूण मराठींत कळना अशें आमकां सांगताले." शीत म्हटलं की मराठीत कुणाला कळत नाही, असं त्यांना सांगायचे. मी म्हटलं, "कळतं. शितावरून भाताची परीक्षा, असं मराठीतच म्हणतात." तिने ते मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलेलं मला दिसलं.

खरंच, ही म्हण मी किती वेळा शिकवली असेन. आणि पाठ लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट हाती लागली, जी मराठी शिकवताना मला आजवर दिसली नव्हती. आपल्या मराठीतही दोन भात आहेतच. शेतात असतं ते भात. 'यंदा भात चांगलं आलं.' ताटात असतो तो भात. 'भात जरा कच्चा राहिला.' शब्द एकच, पण शेतातून ताटात येता येता त्याचं लिंग बदलतं. जो फरक कोकणी दोन शब्दांनी दाखवते, तो मराठी 'तो' आणि 'ते' यांनी दाखवते. म्हणजे मुलाने वाचलेला अर्थ मराठीबाहेरचा नव्हताच. मराठीतलंच ते दुसरं दार होतं, आणि मी त्याच्यापुढे कपाट लावून ठेवलं होतं. हे मी जुन्या सरांना फोन करून सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे फळ्यावर नक्की लिहा." 'शीत' फळ्यावर लिहिण्याला त्यांची संमती अजून नाही. पण त्या शनिवारी ते सर्वांत आधी येऊन बसले.

तीन वाट्या मी मुलांमध्ये ठेवल्या. एकीत आईने दिलेली साळ, दुसरीत उकडे तांदूळ, तिसरीत घरून डब्यातून नेलेला शिजलेला भात. मुलांनी हात लावायचा, वास घ्यायचा आणि घरी काय म्हणतात ते सांगायचं. भात, तांदूळ, शीत. मी फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले, मग शेजारी मराठी: ते भात, तो तांदूळ, तो भात. 'ते भात' म्हणताना हात शेताकडे, 'तो भात' म्हणताना हात तोंडाकडे. हा खेळ मुलांनीच काढला, मी नव्हे. भाणवाला मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि साळीपासून शितापर्यंत बाण काढून मधे त्याने स्वतःहून एक मोठं भांडं काढलं. कोंबड्याही काढल्या. चौघांनी ते आपापल्या वहीत टिपलं, मला माना खाली गेलेल्या दिसल्या.

मग मी विचारलं, "अजून काही राहिलं का?" आणि मनात आकडे मोजत थांबले. एक, दोन, तीन. वर्ग गप्प. चार, पाच. जीभ टाळूला लावून धरावी लागते अशा वेळी. सहा. मागच्या रांगेतली ती मुलगी, जी पहिल्या पाठात एकदाही बोलली नव्हती, तिने हात वर केला नाही, नुसती वाट्यांकडे बघत राहिली. सात. तिच्या डोळ्यांत काहीतरी चाललं होतं म्हणून मी थांबले. आठ.

काणकोणच्या टीचरांच्या वहीतली त्या दिवसाची शेवटची नोंद अशी आहे: 'दहा एकेचाळीस. टीचर थांबतात. मुलगी बोलते. "टीचर, पेज खंय?"'